अविधवा नवमीचा कोरियन बेत

१८ ऑगस्ट, सोमवार

आज पबमध्ये गेलो. वय छप्पन्न, शिक्षण संस्कृत पाठशाळा, वडील वैदिक. ते असते तर त्यांनी आधी प्रायश्चित्त सांगितलं असतं आणि मग हळूच विचारलं असतं, आत काय काय मिळतं.

ओमती चौकातून आमच्या गल्लीत वळताना कोपऱ्यावर टायरवाल्याचं दुकान होतं, तिथे हा पब झाला आहे. नाव 'अड्डा'. दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं: 'कोरियन खाना, अब आपके मोहल्ले में.' मी नागपूरच्या एका दैनिकाचा जबलपूरचा वार्ताहर. मोहल्ल्यात कोरिया आल्यावर चौकशी करणं हा कर्तव्याचाच भाग. बातमी छापून येणार नाही, पण ते माझ्या सगळ्याच बातम्यांचं आहे.

मालक गौतम, तिशी-पस्तिशीचा, कानात बाळी. मला पाहून अदबीने म्हणाला, "अंकल, किसी को लेने आए हैं?"

"नहीं भैया, खाने आया हूँ."

"कितने लोग?"

टेबल दोघांचं होतं, म्हणून "दो" म्हटलं. त्याने दोन ताटल्या मांडल्या. मी जेवून उठलो तेव्हा दुसरी उचलून नेली, काही विचारलं नाही. धंद्याला लागणारा सभ्यपणा आहे मुलाजवळ.

१९ ऑगस्ट, मंगळवार

खरं कारण इथे लिहून ठेवायला हरकत नाही. ही वही कुणी वाचत नाही.

विनताला शेवटच्या वर्षात कोरियन मालिकांचं वेड लागलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या फोनवर हिंदीतून बघायची. त्या मालिकांतली माणसं सारखी जेवतात. भांडतात जेवताना, प्रेमात पडतात जेवताना, आणि कुणी मरणार असलं की आदल्या भागात त्याला पोटभर जेवू घालतात. विनता विचारायची, "अहो, ते लाल लाल कसं लागत असेल हो?" मी सांगायचो, "रक्तवर्णं, पिच्छिलं, दन्तलग्नं च." ती म्हणायची, "मराठीत सांगा, नाहीतर गप्प बसा." डॉक्टरांनी तिखट पूर्ण बंद केलं होतं, त्यामुळे प्रश्न प्रश्नच राहिला. मालिकेतल्या सुना सासऱ्याला दोन्ही हातांनी पेला देतात, म्हणून माझ्या हातातला चहा ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान लववायची. ते शेवटी शेवटी. मान लववली की पुन्हा वर करायला मी हात द्यायचो.

ती गेली त्याला जूनमध्ये वर्ष झालं.

तर ते लाल लाल काल खाल्लं. नाव तॉकबोकी. मोदकाची उकड काढली, पण पारी करायचा कंटाळा आला म्हणून बोटाएवढ्या कांड्या वळल्या, आणि त्या लाल तिखट-गोड रश्श्यात सोडल्या, तर होईल तसं. दाताला चिकटतं. म्हणजे माझं वर्णन न खाताही बरोबर होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा गेलो. या खेपेला कोबीचं मुरवलेलं लोणचंही मागवलं, किमची. पहिला घास नाकातून गेला. डोळे पुसताना तोंडातून निघून गेलं, "तुला नसतं झेपलं."

"काय नसतं झेपलं, काका?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक बाई डोकावली. गौतमची बायको गीतांजली. रांधण्याचं सगळं खातं तिचं. मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"हो ना जी! मी तर कधीची पाहून राहिली, हे काका एकटेच मराठीत बोलतात कोणाशी."

मी तिला सांगितलं की वार्ताहराला मोठ्याने विचार करायची सवय असते. तिने मान हलवली. पुढे म्हणाली, मासळीचा रस घालत नाही किमचीत, इकडचे लोक वास घेऊनच उठतात. कोरियन रांधायला कुठे शिकली विचारलं, तर, "सीरियल पाहून पाहून. गौतम म्हणे, दिवसभर पाहतेस तर कर आता." तिच्या फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती आहे. सजावट अगदी कोरियन केलीत, असं मी कौतुकाने म्हटलं. ती हसली आणि आत गेली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीचे दिवस. महाराष्ट्र मंडळात आरतीला गेलो, बातमी पाठवली. प्रसाद घेताना सगळ्यांनी 'कसे आहात' विचारलं आणि उत्तराआधी पुढच्याकडे वळले. तक्रार नाही. वर्षभर मीही हेच करत आलो.

एक विचार डोक्यात आला आहे. १५ सप्टेंबरला अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. माझ्या आईची नवमी विनता दरवर्षी करायची. आईला आवडायची म्हणून पुरणाची पोळी, दोन तास पुरण वाटत. आता विनताची पहिली नवमी. गेलेल्या बाईच्या आवडीचं करायचं, हा नियम. विनताच्या आवडीचं काय, हा प्रश्न मला पडलेला नाही. तिला खायचं होतं आणि मिळालं नाही, असं एकच आहे.

तेव्हा बेत ठरला. त्या दिवशी सवाष्णीच्या पानात तॉकबोकी वाढायची. पबमधून मागवायची आणि घरी केळीच्या पानावर घालायची. आता फक्त खाणारी सवाष्ण मिळाली पाहिजे. ती नाही मिळाली तर विनताची नवमी होणार नाही, आणि पुढच्या वर्षी मी ती करीन, असा मला माझा भरवसा नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

विष्णुपंत गुरुजींना फोन केला.

"अच्युतराव, शास्त्रात निषेध नाही. शास्त्राला हा पदार्थ ठाऊकच नाही. लसूण असतो का?"

"भरपूर."

"मग मी नाही. पण सवाष्णीला घाला खुशाल, तिचं पोट तिचं. खीर-वडा मात्र माझ्यासाठी वेगळा ठेवा हो."

अवंतिकालाही सांगितलं. आमची मुलगी, पुण्यात असते. म्हणाली, "बाबा, आईच्या फोनमध्ये अजून ती सीरियल अर्धी आहे. शेवटचे चार एपिसोड तिने नाही पाहिले." मी म्हटलं, मग तू येऊन पाहा आणि जेवही. पण तुझं लग्न झालेलं नाही, शास्त्राच्या नजरेत तू अपात्र. ती हसली नाही. "बाबा, सच बताओ, तुम्ही रोज जेवता ना?"

जेवतो, म्हटलं. पुण्यात पाऊस आहे का, हे विचारून घेतलं.

७ सप्टेंबर, रविवार

सवाष्ण-शोधाचा अहवाल.

शरयूवहिनी, वरच्या मजल्यावर. त्यांचे यजमान श्रीकांतराव ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. वहिनींचा विनताशी रोजचा चहा होता. कुंकू-अक्षता घेऊन मी पायऱ्या चढलो. खरं तर आमंत्रणाला घरची बाई जाते. पुरुषाने कसं जायचं, याचं शिक्षण पाठशाळेत नव्हतं.

"अच्युतराव, वरण-भात, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी करा, मी हजर. हे चिनी मला नको."

"कोरियन."

"तेच ते. आणि विनतावहिनींच्या नावाने असलं काहीबाही खाऊन मला काही बाधलं तर?"

त्या चांगल्या आहेत. निघताना डब्यात सांजा दिला.

कांचघरच्या एका वकिलीणबाईंनी मधुमेह सांगितला. मंडळाच्या कार्यवाहांच्या सौभाग्यवतींनी आधी होकार दिला, बेत ऐकून फोन नवऱ्याकडे दिला. माझी चूक एकच झाली, मी बेत खरा सांगितला. बातमीदाराची खोड.

९ सप्टेंबर, मंगळवार

मग मला उत्तर अचानक दिसलं. ते समोरच होतं, रोज खिडकीतून डोकावत होतं. गीतांजली. सवाष्ण, मराठी, आणि हा बेत तिच्याच हातचा!

संध्याकाळी लवकर गेलो, पब रिकामा होता. पुडीत कुंकू-अक्षता. तिला बाहेर बोलावलं आणि रीतसर म्हटलं, सोमवारी आमच्याकडे अविधवा नवमी आहे, आपण सवाष्ण म्हणून जेवायला यावं.

तिने ओले हात ओढणीला पुसले. पुडीकडे पाहिलं, घेतली नाही.

"काका, आम्ही घमापूरचे, बौद्ध. गौतमचे बाबा, बळीराम, रोज सकाळी विहारात असतात. तुम्हाला आमच्या किचनमधला बुद्ध डेकोरेशन वाटला ना?"

मी पुडी दुसऱ्या हातात घेतली.

"मी समजली होती तेव्हाच. म्हटलं जाऊ दे. बाहेर बाटल्यांमध्ये कसा ठेवीन त्याला? म्हणून आत ठेवला." पुढे म्हणाली, "आम्ही श्राद्ध-पिंड नाही मानत. आणि एक विचारू? माझा नवरा जिवंत आहे म्हणून बोलावून राहिले का मला?"

प्रश्न सरळ होता. उत्तर 'हो' होतं. मी ते दिलं नाही. पुडी खिशात घातली, "माफ करा" म्हटलं आणि जेवणाची ऑर्डर न देता निघालो. गौतमने मागून "काका, सोडा तो लीजिए" अशी हाक मारली.

सदऱ्याच्या खिशाला कुंकवाचा डाग पडला आहे. निघत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

घरीच खिचडी केली. मीठ विसरलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी दारात गौतम. हेल्मेट हातात.

"काका, तब्येत ठीक है ना? गीतांजली पूछ रही थी. रोज येणारा माणूस दोन दिवस आला नाही, तर टेबल रिकामं दिसून राहिलं."

"रोज कुठे? आठवड्यातून दोनदा फार तर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो जी. दोनदा," म्हणाला. "चला, गाडी आणली आहे. तिने बोलावलं."

पबच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. गीतांजली कोबी चिरत होती. मी आधी बोलून टाकलं, मंगळवारी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर 'हो' असं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बसा. काकू कशा होत्या?"

मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. कशा गेल्या हे सगळ्यांनी विचारलं होतं. मी सुरुवात केली ती भलतीकडूनच. विनताला चष्मा सापडायचा नाही आणि तो डोक्यावर असायचा. मालिकेतल्या नायिकेला ती 'आपली पोर' म्हणायची आणि खलनायकाच्या आईला वऱ्हाडी शिव्या द्यायची. माहेर अमरावतीचं. गीतांजलीने मालिकेचं नाव विचारलं. सांगितलं, तर सुरी खाली ठेवून म्हणाली, "अरे बाप्पा! त्या पोरीचं शेवटी काय झालं माहीत आहे ना काकूंना?"

"नाही. चार भाग राहिले."

ती पुन्हा चिरायला लागली. बराच वेळ चिरत होती.

"काका, श्राद्धाला मी नाही येणार. सवाष्ण म्हणून तर नाहीच नाही. पण काकूंच्या घरी जेवायला बोलवा, येईन. गौतम असो की नसो."

"बोलावतो."

"पण मग मी नाही बनवणार. बोलावलेल्या बाईनेच रांधून आणायचं, हे कुठलं शास्त्र?"

मी सांगितलं की मला खिचडीत मीठ घालायचं लक्षात राहत नाही. ती म्हणाली, "मग शिका. आत्ता."

तांदळाच्या कांड्या गोठवलेल्या येतात, दिल्लीहून. आधी पाण्यात भिजवायच्या. लाल मिरचीची दाट चटणी बरणीत असते, ती, साखर, सोया सॉस, लसूण. "ढवळत राहायचं, काका. हात थांबला की सगळ्या एकमेकींना चिकटतात, मग सोडवता येत नाहीत." मी ढवळलं. चष्म्यावर वाफ धरली. गौतम दारात उभा राहून हसत होता, "काका, नोकरी पक्की."

१४ सप्टेंबर, रविवार

रंगीत तालीम. घरच्या कढईत. अवंतिका फोनवर, फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केलेला.

"बाबा, आँच कम करा! धूर दिसतोय."

"वाफ आहे."

"धूर आहे."

धूर होता. खाली लागलं, वर लगदा झाला. पुन्हा करायला घेतलं. विनताचा पांढरा ॲप्रन मला नीट बसतो, फक्त बंद पुढे बांधावे लागतात. मग अवंतिका बोलेनाशी झाली. पाहिलं तर पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. काय झालं विचारलं, तर म्हणाली, कांदा चिरते आहे. रविवारी ती नेहमी बाहेरून मागवते. असो, सवय बदलली असेल.

दुसरी खेप बरी जमली. चिकट, पण सुटी.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

सकाळी विष्णुपंत येऊन तर्पण करून गेले. त्यांचा खीर-वडा शरयूवहिनींनी वरून पाठवला, आपणहून. तो गुरुजींनी इथेच घेतला, आणि स्वयंपाकघराकडे नाक वळवून, "हा तो पदार्थ का?" असं विचारून, जरा जास्तच वेळ रेंगाळून गेले.

मग मी कढई चढवली. हात थांबवला नाही.

गीतांजली दुपारी एक वाजता आली, स्कूटीवरून, एकटी. हलक्या जांभळ्या साडीत, तिला मी साडीत प्रथमच पाहिलं. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, एक वरचीही. तिने चपला काढल्या, विनताच्या फोटोसमोर उभी राहून हात जोडले, फूल वाहिलं नाही. "नमस्कार काकू," म्हणाली, आणि जेवायला बसली.

मी दोन पानं वाढली. एक तिचं आणि एक फोटोसमोर, विनताचं. विनताचं पान नंतर गच्चीवर ठेवायचं, कावळ्याने शिवलं की झालं. गच्चीच्या कठड्यावर एक कावळा अकरापासून येऊन बसलाच होता. पितृपंधरवड्यात त्यांचं वेळापत्रक आपल्याहून चोख असतं.

यजमानाने उभं राहून वाढायचं, म्हणून मी उभा राहिलो. ती खायला लागली, आणि खाता खाता मला ते चार भाग सांगायला लागली. आपल्या पोरीला नोकरी कशी मिळाली, खलनायकाची आई कशी दवाखान्यात पडली, मग तिला जेवू घालायला कोण गेलं. मला ते नीटसं कळत नव्हतं, नावं सगळी सारखी. पण ती बोलत होती फोटोकडे पाहून, माझ्याकडे नाही, म्हणून मी मध्ये काही विचारलं नाही. शेवट सांगताना तिचा घास हातातच राहिला. पोरगी घरी परत जाते आणि बाप दार उघडतो, एवढाच शेवट आहे म्हणे.

"बस?"

"बस. मीही रडली होती तेव्हा."

मग माझ्याकडून रीतीने विचारलं गेलं. श्राद्धाला जेवणाऱ्याला विचारायचं असतं, तृप्ताः स्थ, तृप्त झालात ना? त्याचं उत्तर बांधलेलं असतं, झालो. विष्णुपंत तर प्रश्न पुरा व्हायच्या आत देतात. मी तिला मराठीत विचारलं, "पोट भरलं का?"

तिने बोटं चाटली. पानाकडे पाहिलं.

"खरं सांगू, काका? नाही भरलं. मस्त झालं आहे. अजून आहे का?"

या प्रश्नाला शास्त्रात जागा नाही. मी कढईत पाहिलं. खरवडून दोन कांड्या निघाल्या, त्या वाढल्या. तिने त्या संपवल्या आणि मान वर केली, अजून हवं असल्यासारखी.

"एवढंच?"

"आहे," मी म्हटलं. "पण ते विनताचं पान आहे."

ती फोटोकडे पाहून म्हणाली, "काकू, घेऊ का?"

विनताचं पान मी उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं. दोन्ही हातांनी. तिनेही ते दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली, आणि शेवटच्या कांडीपर्यंत खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिखटाने, म्हणाली.

दोन वाजता ती गेली, पबची तयारी करायची होती. जाताना दारात म्हणाली, "पुढच्या वेळी साखर कमी घालजा."

भांडी घासली. गच्चीवर गेलो. कावळा कठड्यावर होताच, मान तिरकी करून. मी त्याला रिकामी कढई वाकडी करून दाखवली. तो बराच वेळ बसला, मग घमापूरच्या बाजूला उडून गेला. मी तिथेच उभा राहिलो. माझं जेवायचं राहिलं होतं.